भिंतीवरचे तुकोबा आणि विष्णुपंत पागनीस

जामबागेतील आमच्या बिऱ्हाडी देवघराच्या वरच्या अंगाला तुकोबांची एक तसबीर होती. डोक्याला पागोटे, कपाळी टिळा, गळ्यात तुळशीची माळ आणि डोळे असे की, पाहणाऱ्याकडे पाहतही आहेत आणि त्याच्या पलीकडेही पाहत आहेत. आई त्या तसबिरीला नित्य हार घालीत असे. पुढे जामबागेत फुलांचा बाजार भरात होता तेव्हा झेंडूला तोटा नव्हता. पण त्याआधीही आमच्या घरचे तुकोबा कधी हारावाचून राहिले नाहीत.

मी विवेकवर्धिनीत शिकत असताना एका गणेशोत्सवात पांढरा पडदा लावून ‘संत तुकाराम’ हा बोलपट दाखविला गेला. पडदा उजळला आणि आमच्या भिंतीवरचे तुकोबा चालू लागले, बोलू लागले, गाऊ लागले. शेजारी बसलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी मला सांगितले की, हे विष्णुपंत पागनीस, एके काळचे रंगभूमीवरचे स्त्रीपार्टी. त्या वयात अशी माहिती पोटात राहत नाही. घरी आल्याबरोबर मी आईला सुनावले की, तू ज्याला हार घालतेस तो तुकाराम नव्हेच, तो लुगडे नेसून नाचणारा एक नट आहे. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. हार मात्र चुकला नाही. आपण खरे तेच सांगितले आणि वर शिक्षाही आपल्यालाच, असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. त्या नटाची हकीकत नीट कळत गेली तेव्हा माझेच बोलणे अर्धवट होते हे उमगले.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ सालचा, चिकोडीचा. चिकोडी बेळगाव जिल्ह्यातली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला ती म्हैसूर राज्यात गेली आणि त्याच दिवशी आमचे हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा आम्हांपासून वेगळा झाला. म्हणजे एका अर्थी चिकोडीकर आणि जामबागकर एकाच सोडतीतले. पण हे ओघात आले. विष्णुपंत लहान वयातच नाटकात शिरले आणि स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करू लागले. केशवराव भोसले याच मंडळीत वाढलेले. त्या काळी नाटक मंडळीतील गोड गळ्याच्या मुलाला नायिकेचेच काम मिळावयाचे, आणि ते काम म्हणजे नुसते लुगडे नेसणे नव्हे. मान कशी वळवावी, पाऊल कसे पडावे, हात पुढे न करता मागणे कसे मागावे, हे सारे वर्षानुवर्षे अंगात मुरवावे लागे. मी ज्याला नाचणारा नट म्हणालो, त्याचे शिक्षण असे होते.

मात्र या शिक्षणाला मुदत असते. गालांवर वय दिसू लागले, आवाज रुंदावला की नायिकेचे काय करावयाचे? त्यात बोलपट आले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोट्यांसारखी स्त्री तारामती होऊन उभी राहिली, तेव्हा स्त्रीपार्टी नटाचे दिवस भरले हे कोणालाही दिसत होते. प्रत्यक्ष बालगंधर्वांची गत पाहावी. प्रभातने १९३५ साली त्यांना ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथांची भूमिका दिली. एकनाथ पैठणचे, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच मुलखातले. त्यामुळे या चित्रपटाविषयी माझ्या मनात थोडा अधिक जिव्हाळा आहे. परंतु रंगभूमीवर ज्यांनी महाराष्ट्र वेडा केला, त्यांना पडदा काही मानवला नाही. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, तेही चालले नाही. कॅमेरा इतका जवळ येतो की, तिथे रंगभूमीवरची जादू टिकत नाही.

अशा वेळी प्रभातने तुकोबांसाठी पागनिसांना निवडावे, हे धाडसच होते. त्यांच्या अभिनयातला बायकी हळुवारपणा या भूमिकेला मारक ठरेल, अशी शंका कंपनीत होतीच. आणि ती अगदी रास्त होती. पण माझे मत असे की, नेमक्या त्या हळुवारपणानेच चित्रपट तारला. दांडगा, छातीठोक तुकाराम आपण नाटकात पुष्कळ कल्पू शकलो असतो. पागनिसांचा तुकाराम तसा नाही. तो जवळजवळ काहीच करीत नाही. शेत राखावयास गेला तर पाखरांना दाणे टिपू देतो, कोणी पुढे आले की आपण मागे सरतो, बायको तडतडली की अपराध्यासारखा हसतो. नायिकेची लाज आणि तिचे अवघडलेपण ज्या अंगात मुरले होते, त्याच अंगातून संताची नम्रता निघाली. बालगंधर्वांना जे साधले नाही ते पागनिसांना साधले, कारण त्यांनी स्त्रीपार्टी टाकून दिला नाही आणि मिरवलाही नाही; तो आत जिरवला.

अर्थात सारे श्रेय त्यांचे एकट्याचे नव्हे. दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल चित्रकार आणि नेपथ्यकार. या जोडीच्या दिग्दर्शनात देहू गाव पुण्याच्या स्टुडिओत खरे होऊन उभे राहिले. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. शांताराम आठवल्यांनी बीज आणि वृक्ष यांवर लिहिलेले पद विष्णुपंतांनी असे गायिले की, ते तुकोबांचेच आहे असे अनेकांनी धरून चालले. आणि समोर गौरीबाईंची आवली! मूल तापाने फणफणले असता ती पायातले काढून थेट विठोबावर धावते, तेव्हा प्रेक्षक तिच्या बाजूचे होतात. आवली जर अशी मातीची नसती, तर पागनिसांचे तुकोबा हवेत विरून गेले असते.

चित्रपट १९३६ च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रलमध्ये लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. खेडोपाडी उघड्यावर तो दाखवीत, तेव्हा लोक पायताणे काढून बसत. चित्रीकरण संपल्यावर विष्णुपंत स्वतः देहूला जाऊन तुकोबांपुढे नतमस्तक झाले. नटाने भूमिकेची परवानगी मागून घ्यावी तशी ती जणू मागाहून मागितली.

पुढचा हिशेब थोडक्यात आटोपतो. तुकोबा झालेल्या माणसाला दुसरे काही होऊ देण्यास कोणी तयार नव्हते. १९३९ साली रणजितचा ‘संत तुलसीदास’, १९४० साली विजय भटांचा ‘नरसी भगत’, मग १९४३ साली ‘महात्मा विदुर’ आणि ‘भक्तराज’. संत, भक्त, महात्मा. वेष निराळा, हात जोडलेलेच. यातली कामे वाईट नव्हती, पण एखादा लबाड सावकार, एखादा हौशी म्हातारा त्यांच्या वाट्यास आला असता तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच. ज्या महाराष्ट्राने त्यांना पुजले त्याने त्यांतला नट पाहावयाचे सोडून दिले. १९४३ च्या ऑक्टोबरात ते वारले. पन्नाशी नुकतीच गाठली होती.

तोवर त्यांचा चेहरा त्यांचा राहिला नव्हता. तुकोबांचे त्यांच्या हयातीतले विश्वासार्ह चित्र कोणापाशी नव्हते. चित्रपटातली छबी मात्र छापली गेली, चौकटीत बसली आणि देवघरांत गेली. आमच्या जामबागेत ती आली ती याच वाटेने. आईला हे ठाऊक होते, असे आता मला वाटते. तिने लहानपणी तो बोलपट पाहिला होता. मी सांगण्याआधीच तो चेहरा कोणाचा हे तिला कळले नसेल, असे मानणे कठीण आहे. तिला राग आला तो बातमीचा नव्हे, नट हा शब्द मी ज्या सुरात उच्चारला त्याचा.

गेल्या वर्षी ते बिऱ्हाड मोडले. भाच्याने सामान वाटून दिले आणि तसबीर माझ्या वाट्यास आली. काच तडकली होती, पाठचा पुठ्ठा वाळवीने खाल्ला होता. ती मी चौकटीच्या दुकानात नेली. दुकानदार तेलुगू तरुण. हे कोण म्हणून त्याने विचारले. तुकाराम महाराज, असे मी सांगितले. त्याने नवा पुठ्ठा कापला. तो खिळे ठोकणार एवढ्यात मी थांबविले, त्याच्याच कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस लिहिले: विष्णुपंत पागनीस, १८९२ ते १९४३. मग त्याने खिळे ठोकले.