वुडी गथ्री : आईकडून आलेला आजार

अमेरिकेचे लोकगायक वुडी गथ्री यांचा जन्म १४ जुलै १९१२ रोजी ओक्लाहोमा राज्यातील ओकेमा येथे झाला. ते लहान असतानाच आई नोरा यांचा स्वभाव पालटत गेला. हातापायांच्या हालचालींवर ताबा राहिला नाही. लोकांनी त्यांना वेडी ठरवले. १९३० मध्ये मनोरुग्णालयातच त्यांचे निधन झाले. हा हंटिंग्टन आजार होता. आई किंवा वडिलांकडे सदोष जनुक असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. लक्षणे मात्र बहुधा तिशी-चाळिशीत, स्वतःला मुलेबाळे झाल्यावरच दिसू लागतात.

धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी गात गथ्री कॅलिफोर्नियात आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांनी हजाराहून अधिक गीते लिहिली. चाळिशीकडे झुकताना तोल जाऊ लागला, वागणे विक्षिप्त झाले. दोष दारूवर गेला. १९५२ मध्ये खरे निदान झाले, पण डॉक्टरांकडे देण्यासारखे काहीच नव्हते. पुढची बरीच वर्षे रुग्णालयांतच गेली. १९६१ मध्ये तरुण बॉब डिलन भेटीला आले, तेव्हा या गायकाच्या हातून गिटार सुटली होती. पुढे वाचाही गेली. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी ते निवर्तले. पहिल्या विवाहापासून झालेल्या त्यांच्या दोन मुलीही पुढे याच आजाराने गेल्या.

दुसऱ्या पत्नी, नर्तकी मार्जोरी यांनी घटस्फोटानंतरही त्यांची शुश्रूषा सोडली नव्हती. १९६७ मध्येच त्यांनी या आजाराविरुद्ध समिती स्थापन केली. संशोधनाला सरकारी पैसा मिळण्यामागे या बाईंच्या चिकाटीचा वाटा मोठा. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी चौथ्या गुणसूत्रावर जनुकाचा माग लागला. प्रत्यक्ष जनुक १९९३ मध्ये सापडले.

औषधाची वाट मात्र लांबली. २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टेट्राबेनाझिन अनैच्छिक हालचाली कमी करते, आजार रोखत नाही. घातक प्रथिनाची निर्मितीच घटवणाऱ्या टोमिनर्सेनकडून मोठ्या आशा होत्या. मार्च २०२१ मध्ये चाचणीतील डोस थांबवावे लागले. वारंवार डोस घेणाऱ्यांची प्रकृती औषधाविना असलेल्यांपेक्षा ढासळली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मेंदूत थेट सोडल्या जाणाऱ्या एका जनुकोपचाराने तीन वर्षांत आजाराची गती ७५ टक्क्यांनी मंदावल्याचे कंपनीने जाहीर केले. मात्र जास्त मात्रा घेऊन तीन वर्षे पूर्ण केलेले रुग्ण अवघे १२ होते, आणि तुलना झाली ती उपचार न घेतलेल्या इतर रुग्णांच्या जुन्या नोंदींशी.