शिस्तीचा माणूस आणि त्याच्या दोन शाळा

सिल्व्हेनस थेयर यांच्यापर्यंत मी पोहोचले ती एडगर अॅलन पोमुळे. पो अभ्यासाला होता, आणि तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होता, तिथून त्याला काढून टाकलं, एवढं एकच वाक्य माझ्या नोट्समध्ये होतं. त्या वेळी अकादमीचा प्रमुख कोण होता म्हणून सहज शोधायला गेले आणि पो बाजूलाच राहिला.

थेयर यांचा जन्म 9 जून 1785 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावचा. घर शेतकऱ्याचं. आठ वर्षांचे असताना त्यांना न्यू हॅम्पशायरमध्ये मामाकडे पाठवलं. तिथे बेंजामिन पिअर्स नावाचे, स्वातंत्र्ययुद्धात लढलेले एक गृहस्थ होते. (यांचाच मुलगा पुढे राष्ट्राध्यक्ष झाला.) त्यांच्या सहवासात या मुलाच्या डोक्यात सैन्याचं वेड शिरलं. पण 1803 मध्ये तो गेला तो डार्टमथ कॉलेजात, म्हणजे लॅटिन आणि ग्रीक शिकायला. चार वर्षं अभिजात भाषांचा अभ्यास आणि फावल्या वेळात नेपोलियनच्या मोहिमांच्या बातम्या! 1807 ला थेयर वर्गात पहिले आले. निरोपाचं भाषण करायचा मान पहिल्याचा, पण तेवढ्यात वेस्ट पॉइंटची नेमणूक आली आणि ते भाषण न करताच निघाले. वर्षभरात तिथला अभ्यास संपवून 1808 मध्ये ते इंजिनीअर दलात अधिकारी झाले.

1812 ला इंग्लंडशी युद्ध पेटलं. अर्धवट शिकलेले अधिकारी, कच्चे नकाशे, कशीबशी उभारलेली तटबंदी हे सगळं थेयर यांनी जवळून पाहिलं. युद्ध संपल्यावर सरकारने त्यांना आणि विल्यम मॅक्री या अधिकाऱ्याला 5,000 डॉलर देऊन युरोपला पाठवलं. तिकडच्या लष्करी शाळा बघा आणि पुस्तकं आणा, असं काम. थेयर 1815 च्या उन्हाळ्यात फ्रान्सला पोहोचले तेव्हा नेपोलियन नुकताच वॉटर्लूला हरला होता. ज्याच्या बातम्या वाचत वाढले त्याचं राज्य बघायचं राहिलंच, पण त्या काळातल्या शाळा शिल्लक होत्या. पॅरिसचं एकोल पोलितेक्निक आणि मेट्झची तोफखान्याची शाळा त्यांनी बारकाईने पाहिली, आणि सुमारे हजार पुस्तकं गोळा करून परतले.

1817 मध्ये त्यांना वेस्ट पॉइंटचं प्रमुखपद मिळालं. आधीचे प्रमुख अॅल्डन पार्ट्रिज. हेसुद्धा डार्टमथला शिकलेले. पार्ट्रिज जायला तयार नव्हते. गेलेले परत आले आणि त्यांनी चक्क अकादमीचा ताबा घेतला! शेवटी त्यांच्यावर लष्करी खटला झाला. ही भांडणाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थेयर यांनी तिथे जे केलं ते आज इतकं ओळखीचं आहे की त्यात विशेष काय असं वाटेल. वर्गाच्या लहान लहान तुकड्या केल्या. रोज प्रत्येकाने फळ्यापाशी उभं राहून, हातात खडू घेऊन आपला धडा सिद्ध करायचा. रोज गुण, दर आठवड्याला त्यांचा हिशेब आणि त्यावरून क्रम. बापाचं नाव काय, ओळख कोणाची, याला किंमत नाही. नेपोलियनच्या सैन्यातून आलेले क्लॉड क्रोझे तिथे भूमिती शिकवत होते. त्या काळी अमेरिकेत इंजिनीअर शिकवून तयार करणाऱ्या संस्था जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे रेल्वे, कालवे, बंदरं बांधायला माणसं इथूनच गेली. 1819 ला बाहेर पडलेला जॉर्ज व्हिसलर तर पुढे थेट रशियाला, सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को रेल्वेच्या कामावर गेला.

पण माणूस कडक. 1818 मध्ये एका अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन पाच कॅडेट आले, तर थेयर यांनी त्या पाचांनाच बाहेर काढलं. तक्रार खरी की खोटी हा प्रश्नच नाही, एकत्र येऊन तक्रार केलीत हाच गुन्हा. हे वाचताना मला थेयर अजिबात आवडले नाहीत.

मग पो. तो 1830 मध्ये दाखल झाला आणि काही महिन्यांतच कंटाळला. वर्गाला जाणं बंद, कवायत बंद, चर्चच्या परेडलाही दांडी. (रविवारी मिस्सा चुकवून उशिरापर्यंत झोपणाऱ्यांनी नोंद घ्यावी, तिथे ते आरोपपत्रात लिहीत.) जानेवारी 1831 मध्ये खटला झाला, मार्चमध्ये तो बाहेर. पण याच पोला कवितांचं पुस्तक छापायचं होतं, तेव्हा कॅडेटांच्या पगारातून वर्गणी कापून घ्यायला थेयर यांनी परवानगी दिली. शंभराहून जास्त मुलांनी पैसे भरले. पो अधिकाऱ्यांची टिंगल करणाऱ्या कविता करायचा, तशाच असतील म्हणून बिचाऱ्यांनी भरले, आणि हातात आल्या गंभीर कविता. पोने पुस्तक कॅडेटांनाच अर्पण केलं होतं. बाहेर पडल्यावर त्याने थेयर यांनाच पत्र लिहून मदत मागितली, पोलंडच्या सैन्यात भरती व्हायचंय म्हणून. ज्याने घालवलं त्याच्याकडेच शिफारस मागायची, म्हणजे पोला या माणसात काहीतरी दिसलं असणार.

थेयर यांचा घात पोसारख्या मुलांनी केला नाही, वॉशिंग्टनने केला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना वेस्ट पॉइंट म्हणजे बड्या घरच्यांचा अड्डा वाटे. थेयर यांनी काढलेली मुलं जॅक्सनकडे जात आणि हुकूम घेऊन परत येत. फळ्यापाशी उभा राहणारा प्रत्येक मुलगा सारखा, हा सगळ्या व्यवस्थेचा पाया, आणि तो वरूनच उखडला जात होता. 1833 मध्ये थेयर यांनी पद सोडलं. हयातभर ते पुन्हा वेस्ट पॉइंटला गेले नाहीत.

पुढची तीस वर्षं बॉस्टनच्या बंदरात दगडी किल्ले बांधण्यात गेली. फोर्ट वॉरन, फोर्ट इंडिपेंडन्स. लग्न केलं नाही. 1863 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, निवृत्त होऊन ब्रेनट्रीला आले.

इथे बहुतेक चरित्रं संपतात. मला मात्र खरी गोष्ट इथून सुरू होते असं वाटतं. 1867 मध्ये, ब्याऐंशी वर्षांच्या थेयर यांनी डार्टमथला 40,000 डॉलर दिले आणि पुढे आणखी 30,000. कशासाठी? स्थापत्य इंजिनीअरिंगच्या पदव्युत्तर शाळेसाठी. नुसते पैसे देऊन मोकळे झाले नाहीत, प्रवेशाला काय काय यायला हवं हे स्वतः लिहून काढलं. आधी कॉलेजचं शिक्षण, मग दोन वर्षं इंजिनीअरिंग. आणि देखरेखीला वेगळं मंडळ. वरून कुणी हुकूम पाठवून मुलं आत घुसवू नयेत, ही 1833 ची जखमच त्यांनी नियमात बांधली असावी, असा आपला माझा तर्क.

आता पार्ट्रिज. वेस्ट पॉइंटहून घालवल्यावर त्यांनी 1819 मध्ये व्हरमाँटमधल्या नॉर्विच गावी स्वतःची अकादमी काढली होती, आणि तिथे इंजिनीअरिंगही शिकवत. नॉर्विच कुठे, तर डार्टमथच्या बरोबर समोर, कनेक्टिकट नदीच्या पलीकडच्या काठाला! 1866 मध्ये आग लागल्यावर ती संस्था दुसऱ्या गावी गेली, आणि पुढच्याच वर्षी अलीकडच्या काठावर थेयर यांची शाळा आली. पार्ट्रिज तेव्हा हयात नव्हते.

शिकवायला थेयर यांनी रॉबर्ट फ्लेचर हा वेस्ट पॉइंटचाच तरुण निवडला. वय तेवीस. 1871 मध्ये तो रुजू झाला तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी होते आणि प्राध्यापक तो एकटाच. 7 सप्टेंबर 1872 ला थेयर ब्रेनट्रीला वारले. पहिली तुकडी बाहेर पडलेली त्यांनी पाहिली नाही. 1877 मध्ये त्यांचे अवशेष वेस्ट पॉइंटला नेऊन पुन्हा पुरले. फ्लेचर मात्र 1918 पर्यंत शाळा सांभाळत राहिले.

माझा धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला गेला तेव्हा घरी पेढे वाटले. मी साहित्य घेतलं तेव्हा बाबांनी फक्त फॉर्मवर सही केली. परवा त्याला सांगितलं की थेयर यांच्या शाळेत आजही डार्टमथच्या मुलांना आधी बी. ए. मिळते आणि त्यावर इंजिनीअरिंगची पदवी. तो म्हणाला, खोटं. मग त्याने मोबाइलवर स्वतः शोधलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही.