पुण्यश्लोक अहिल्यादेवी : जन्मदिन व पुण्यतिथी

आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार पार पडत असता, जीर्णोद्धार म्हणजे काय हे ज्यांनी उभ्या हिंदुस्थानाला दाखविले त्या अहिल्यादेवी होळकर यांचे स्मरण करणे उचित होईल.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील मौजे चौंडी येथे, माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या त्या सूनबाई. सन १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून परत फिरविले व कारभारात घातले. पुढे १७६६ साली मल्हारराव गेले आणि वर्षाच्या आत एकुलता एक पुत्र मालेरावही गेला. त्या संधीस राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले असता बाईंनी लढाईची तयारी केली. दादा आल्या पावली परतले. मग फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे सोपवून बाईंनी महेश्वरी नर्मदाकाठी राहून राज्य चालविले.

काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास त्यांनी नव्याने उभारले. सोमनाथास जुन्या पडक्या देवळाजवळ १७८३ मध्ये नवे मंदिर बांधले. गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, शिवाय घाट, बारव, धर्मशाळा किती सांगाव्यात! या धर्मकार्याचा खर्च त्यांनी आपल्या खासगीतून केला, दौलतीच्या खजिन्याला हात लावला नाही. सरकारी दप्तरात ज्याचा जन्म जातो त्याला या वेगळ्या खात्याचे मोल चटकन कळते. देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजाअर्चा, नंदादीप, अन्नछत्र यांची वर्षासने बांधून दिली. दूरदूरच्या देवळांना दरसाल गंगाजल पोचविण्याची व्यवस्था केली. माझ्या मते बांधकामापेक्षा हेच काम कठीण. कळस चढतो त्या दिवशी सारा गाव हजर असतो. दुसऱ्या दिवशीच्या तेलवातीला कोण, हे कोठेतरी लिहून ठेवावे लागते.

घरचे सुख मात्र लाभले नाही. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई आईचे न ऐकता सती गेली. त्यानंतरही चार वर्षे बाईंनी कारभार पाहिला.

जन्माची ३०० वर्षे ३१ मे २०२५ रोजी पूर्ण झाली. त्यांचे देहावसान महेश्वर येथे १३ ऑगस्ट १७९५ रोजी झाले. तारीख लक्षात न राहिली तरी तिथी राहील : श्रावण वद्य चतुर्दशी, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस, बैलांच्या खांदेमळणीचा.