हेमाडपंत नेमके होते कोण? मंदिरे बांधणारे की हिशेब ठेवणारे?

अंबरनाथचे शिवमंदिर पाहायला गेलात तर कोणीतरी हमखास सांगते, हे हेमाडपंती मंदिर आहे. गंमत म्हणजे तिथल्या शिलालेखातले साल आहे शके 982, म्हणजे इसवी सन 1060. ज्यांच्या नावाने ही शैली ओळखली जाते, ते हेमाडपंत त्यानंतर दोनशे वर्षांनी होऊन गेले. चुना न वापरता, खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले दगड ही पद्धत त्यांच्या आधीपासूनची आहे. त्यांचे खरे काम वेगळेच होते. देवगिरीच्या यादवांचे दफ्तर आणि हिशेब त्यांच्या हाताखाली चालत.

श्रीकरणाधिप म्हणजे काय?

मूळ नाव हेमाद्री, वडिलांचे नाव कामदेव. महादेव यादव (1261 ते 1271) आणि पुढे रामचंद्र यादव यांच्या दरबारात ते श्रीकरणाधिप होते. करण म्हणजे सरकारी दफ्तर. सारा किती जमा झाला, कोणते गाव कोणाला दान दिले, राजाचा हुकूम कोणत्या शब्दांत बाहेर गेला, हे सगळे या खात्याचे काम. हत्तीदळाचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच होते.

त्याच सुमारास युरोपात, बोहेमियाच्या राजाने कुटना होरा येथील चांदीच्या खाणींसाठी 1300 मध्ये स्वतंत्र कायदा केला, कारण त्याची तिजोरी खाणींवर चालत होती. यादवांची तिजोरी चालत होती मुख्यतः शेतसाऱ्यावर. खाण एका जागी असते, पहारा बसवता येतो. शेत मात्र गावोगाव पसरलेले. म्हणूनच इथे कागदाला जास्त महत्त्व.

हे पद किती भक्कम होते ते 1271 मध्ये दिसले. महादेवांनंतर त्यांचा मुलगा आमण गादीवर आला. चुलतभाऊ रामचंद्र यांनी त्याला पदच्युत करून त्याचे डोळे काढले. राजा बदलला, दरबार हादरला, हेमाद्री मात्र जागेवर राहिले. सगळ्या राज्याची जमाबंदी ज्याला तोंडपाठ, त्याला हलवणे नव्या राजाला परवडणारे नसावे.

बोरिवलीशी काय संबंध?

महादेव यादवांनी 1265च्या सुमारास उत्तर कोकणचे शिलाहार राज्य संपवले. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला. या विजयाचे वर्णन हेमाद्री यांनी आपल्या चतुर्वर्ग चिंतामणी या ग्रंथात केले आहे. बोरिवली पश्चिमेला एक्सर येथे वीरगळ आहेत. त्यातल्या काहींवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासक ती याच युद्धाची मानतात. रोज त्या बाजूने स्टेशन गाठणाऱ्यांपैकी किती जणांनी हे दगड पाहिले असतील?

या विजयानंतर साष्टी बेट, म्हणजे आजच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरचा मुलूख, देवगिरीच्या दफ्तरात आला. ठाण्याच्या 1272च्या ताम्रपटात साष्टीतले एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. सगळे करण हेमाद्री यांच्या ताब्यात असल्याचा उल्लेखही त्यातच आहे.

मोडी, मेस्तक आणि बाजरी

सरकारी पत्र कसे लिहावे, कोणाला कोणता मायना वापरावा, हिशेब कसा मांडावा याचे नियम म्हणजे मेस्तक. ते हेमाडपंतांनी घालून दिले असे परंपरा मानते. आजच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचे तर सगळ्या राज्याला एकच फॉरमॅट. मोडी लिपी त्यांनी लंकेहून आणली, बाजरीही त्यांनीच आणली, अशाही कथा आहेत. त्यांना त्या काळचा लेखी आधार नाही. पण अशा कथा दफ्तरवाल्याच्याच नावावर का जमा झाल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सगळ्यांनीच त्यांना चांगले म्हटले असे नाही. चक्रधर स्वामींना झालेल्या छळाला महानुभाव परंपरा हेमाद्री यांना जबाबदार धरते. दुसरीकडे व्याकरणकार बोपदेवांसारख्या विद्वानाला त्यांनीच आश्रय दिला.

देवगिरीच्या पोत्यांत काय होते?

1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. मुख्य सैन्य बाहेर होते. रामचंद्र किल्ल्यात अडकले. फेरिश्ता या नंतरच्या इतिहासकाराने पुढची हकिकत दिली आहे. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती घाईघाईत किल्ल्यात नेली होती. सगळ्यांनी ती धान्याची समजली. वेढा चालू असताना पोती सोडली, तर आत मीठ निघाले. खायला काही उरले नव्हते आणि रामचंद्रांना मोठी खंडणी देऊन तह करावा लागला.