मुलाकडे पाहायला शिकवणाऱ्या ताराबाई

चिकित्सा मानसशास्त्र हा विषय घेऊन एम. ए.ला येणारी मुले-मुली पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतात. प्रत्यक्ष माणसे केव्हा पाहायला मिळणार? प्रश्न रास्त आहे. पुस्तकातले आजार पाठ करून मनाचा वैद्य तयार होत नाही, हे त्यांनाही कळते. ही मुले बहुधा रुग्णालय, मनोविकार विभाग, टेबलापलीकडे बसलेला रुग्ण असे चित्र मनात धरून आलेली असतात. मी हा विषय गेली काही वर्षे शिकवते. या मुलांना उत्तर देताना मला व्हिएन्ना आठवत नाही. मला आठवते डहाणू तालुक्यातली कोसबाडची टेकडी आणि त्या टेकडीवर आयुष्याची अखेरची वर्षे घालवलेल्या ताराबाई मोडक.

बालवाडी, अंगणवाडी या शब्दांशी ताराबाईंचे नाव महाराष्ट्राने जोडून ठेवले आहे आणि ते योग्यच झाले. पण मला त्या आणखी एका कारणासाठी मोठ्या वाटतात. मुलाला काही शिकवण्याआधी, त्याच्याविषयी काही ठरवण्याआधी, त्याच्याकडे नीट पाहायचे कसे, हे त्यांनी शेकडो सामान्य स्त्रियांना शिकवले. आमच्या विद्यापीठांना हे अजून पुरते साधलेले नाही.

19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले, त्यामुळे घरचे वारे सुधारकी. मुलीने शिकावे यात त्या घराला नवल नव्हते. 1914 साली त्या तत्त्वज्ञान विषय घेऊन बी. ए. झाल्या. त्या काळी मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाचेच एक दालन होते; त्याचा वेगळा विभाग आपल्या देशात प्रथम कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये निघाला. म्हणजे ताराबाईंना मन हा विषय भेटला तो तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र यांच्या पंगतीत बसलेला. त्याला पुढे अंगणात आणून बसवले ते त्यांनीच.

लग्न अमरावतीच्या मोडक वकिलांशी झाले. संसार टिकला नाही. 1921 मध्ये त्या वेगळ्या झाल्या, पदरी एक लहान मुलगी. शंभर वर्षांपूर्वी शिकलेल्या बाईने घर सोडणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची, सुरक्षित नोकरी. ती सोडून 1923 साली त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेले. घरातल्या मुलाने दोघांनाही या वाटेला लावले, असे मला नेहमी वाटते.

भावनगरला बालमंदिर होते ते माँटेसरी पद्धतीचे. इथे थोडे आडवळण घेते, कारण माझ्या विषयाचा धागा याच ठिकाणी सापडतो. मारिया माँटेसरी या शिक्षिका होण्याआधी डॉक्टर होत्या. 1896 साली त्या रोममध्ये वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात काम करताना, मंदबुद्धी म्हणून टाकून दिलेल्या मुलांकडे त्यांचे लक्ष गेले. नेमके त्याच वर्षी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लायटनर विटमर यांनी जगातले पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. त्यांच्याकडे आलेला पहिला ‘रुग्ण’ कोण होता? शब्दांची अक्षरे नीट जुळवता न येणारा एक शाळकरी मुलगा, त्याच्या शिक्षिकेने आणलेला. तपासता तपासता त्याच्या डोळ्यांतही दोष असल्याचे निघाले! पुढे 1907 मध्ये विटमर यांनी या नव्या विद्येला चिकित्सा मानसशास्त्र हे नाव दिले. त्याच वर्षी जानेवारीत रोमच्या गरीब वस्तीत माँटेसरींचे पहिले बालगृह सुरू झाले. चिकित्सालय आणि बालमंदिर ही अशी जवळजवळ जुळी भावंडे. पुढे एक विद्यापीठात वाढले, दुसरे शाळेत, आणि दोघांची ओळख तुटली.

बालमंदिरातल्या शिक्षकाचे पहिले काम पाहण्याचे. मूल कोणत्या वस्तूकडे जाते, किती वेळ रमते, कुठे अडते, अडल्यावर रडते की पुन्हा सुरू करते. आणि तोवर शिक्षकाने हात मागे ठेवायचे. सांगायला सोपे आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी एका मुलाकडे अर्धा तास नुसते पाहून, दिसले तेवढेच लिहून आणायला सांगते. दहातले आठ जण दिसलेले लिहीत नाहीत, निष्कर्ष लिहितात. ‘मूल हट्टी आहे’, ‘आईचे लक्ष नाही’, ‘एकाग्रता कमी’. मुलाने काय केले, हे त्या कागदावर कुठेच नसते.

भावनगरच्या नऊ वर्षांत ताराबाई हे पाहणे शिकल्या आणि शिकवूही लागल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, 1933 पासून मराठी ‘शिक्षण पत्रिका’ निघू लागली, 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. (पुढच्याच वर्षी मुंबईत टाटांच्या समाजकार्य शाळेने बालमार्गदर्शन चिकित्सालय काढले. दोन्ही गोष्टी एका शहरात, एका वर्षाच्या अंतराने घडल्या.) दादरच्या मध्यमवर्गीय आयांना बालमंदिर आवडले. ताराबाई तिथेच थांबत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण त्या त्रेपन्नाव्या वर्षी उठल्या आणि बोर्डीला गेल्या.

ते वर्ष 1945 होते. डहाणू, तलासरीचा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात. पालघर जिल्हा झाला तो 2014 मध्ये. मे महिन्यात, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली होती. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या मागे उभे राहून वारली वेठबिगार नाकारत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबावे, या लग्नगड्याच्या चालीविरुद्ध ते उठले होते. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. डिसेंबरात बोर्डीला ताराबाईंचे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. आचार्य भिसे यांच्यासारख्यांनी शिक्षणाचे रोप लावलेले ते गाव, समुद्र आणि चिकूच्या वाड्या असलेले. पण गावाच्या कडेला वस्त्या होत्या आणि वस्त्यांतली मुले बालवाडीत येत नव्हती.

येथे ताराबाईंचा खरा कस लागला. मुले येत नाहीत, याचे तयार उत्तर तेव्हा सर्वांजवळ होते, आजही असते. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही. ताराबाईंनी हे उत्तर घेतले नाही. त्या आणि त्यांच्याबरोबर आलेल्या अनुताई वाघ वस्तीत जाऊन पाहू लागल्या. अनुताई वयाने अठरा वर्षांनी लहान, बालपणीच विधवा झालेल्या, शिक्षिका म्हणून तयार होऊन आलेल्या. मुलाला नाहू घालणे, केस विंचरणे, नखे काढणे येथून काम सुरू झाले. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यावी. अंगणवाडी हा शब्द असा रोजच्या अडचणीतून आला. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने आली. गाणी, गोष्टी, नाच यांना त्यांनी मोकळी जागा दिली. मूळ पद्धतीच्या कट्टर उपासकांना ते रुचण्यासारखे नव्हते. मला मात्र वाटते, मूळ पद्धतीचा आत्मा ताराबाईंनीच जपला, कारण समोरच्या मुलाकडे पाहून त्यांनी साधन बदलले.

1956 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली पाड्यांतली मुले समोर आली. आता अडचण वेगळी होती. सातआठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण कडेवर धाकटे भावंड आहे आणि आई मजुरीला गेली आहे. भावंडासह आली तर ते रडते आणि गुरुजी दोघांनाही घरी पाठवतात. यावर तोडगा निघाला तो विकासवाडीचा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात, आणि मधूनच जाऊन भावंडाला पाहून येण्याची तिला मुभा. मुलगा का येत नाही? कारण तो गुरे राखतो. मग शिक्षकाने साधनांची पिशवी घेऊन कुरणावर जायचे आणि गुरे चरत असताना तिथेच शिकवायचे. ही कुरणशाळा.

आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे निदान होते. ‘शाळेत न येणे’ हे लक्षण. कारण मुलात शोधायचे की परिस्थितीत, हा प्रश्न. आमचे विद्यार्थी बुद्धिमापन शिकतात. डॉ. वि. वि. कामत यांनी बिनेच्या चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेले रूपांतर हे त्या काळातले मोठे काम, आणि बिने-कामत चाचणी आमच्याकडे आजही शिकवली जाते. पण घरी वारली बोलणारे आणि पुस्तकी मराठी प्रथमच ऐकणारे मूल प्रश्नापुढे गप्प बसले, तर त्या गप्प बसण्याला गुण द्यायचे कसे? तेच मूल दहा गुरांचे स्वभाव सांगते, कोणता कंद कडू ते जाणते, तान्हे भावंड निजवते.

गप्प बसण्यावरून या भागातलीच एक हकीकत आठवते. वारली चित्रकलेला भिंतीवरून जगात नेणारे जिव्या सोमा मशे यांचा जन्म 1934 चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी आई गेली आणि हा मुलगा काही वर्षे बोलेनासा झाला, मातीत चित्रे काढूनच काय ते सांगायचा, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. 2011 मध्ये ते पद्मश्री झाले. असे मूल आज एखाद्या घाईच्या बाह्यरुग्ण विभागात आले, तर त्याच्या कागदावर काय लिहिले जाईल? आणि मातीतल्या रेघांकडे कोणी वाकून पाहील का? वर्गात मी हा प्रश्न विचारते तेव्हा थोडा वेळ कोणी बोलत नाही.

ताराबाई आणि अनुताई ज्यांना तयार करत होत्या त्या बहुतेक थोडे शिकलेल्या, आसपासच्या गावांतल्या बाया. व्याख्यानगृह नव्हते, बालवाडी हाच वर्ग. सकाळी काम करायचे, काय झाले ते नंतर बोलायचे, दुसऱ्या दिवशी सुधारून पुन्हा करायचे. हाताखाली, डोळ्यांदेखत, चुकत शिकायचे. आम्ही आज याला देखरेखीखालील अनुभव म्हणतो आणि तो किती तास झाला याची नोंदवही ठेवतो. आपल्या देशात चिकित्सा मानसशास्त्राचे रीतसर प्रशिक्षण 1955 साली बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत सुरू झाले. म्हणजे बोर्डीचे केंद्र त्याआधी दहा वर्षे माणसे घडवत होते. दोघांच्या कामात फरक मोठा आहे, हे मला मान्य. गंभीर मनोविकाराला बालवाडी उत्तर नाही आणि ताराबाईंना मानसोपचारतज्ज्ञ ठरवण्याचा माझा अट्टहास नाही. परंतु रुग्णालयाच्या खोलीत शिरण्यापूर्वी आमच्या मुलांनी एक महिना एखाद्या पाड्यावरच्या अंगणवाडीत घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

सरकारने 1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण दिले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदावर चढून देशभर गेला. अनुताई 1992 पर्यंत, स्वतःच्या अखेरीपर्यंत, कोसबाड धरून होत्या.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आता अंगणवाड्या आहेत. पण दिवाळी सरली की कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अंगणवाडी पाड्यावर राहते, मूल भट्टीवर जाते. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. नव्वदच्या दशकात याच ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेच्या कार्यकर्त्यांनी त्या भोंग्यांमध्येच शाळा भरवल्या, आणि लोक त्यांना भोंगाशाळा म्हणू लागले.