रीडिंग ढापू नका!

उरणच्या मोरा बंदरातून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलात, तर एकदा समोर ट्रॉम्बेच्या किनाऱ्याकडे बघा. डोंगराच्या पायथ्याशी एक घुमट दिसेल. तो ‘सायरस’ अणुभट्टीचा. १९६० मध्ये सुरू झालेली ही भट्टी आता बंद आहे. ट्रॉम्बेचं हे केंद्र उभं केलं होमी भाभांनी.

नाव तुम्हाला पाठ आहे. पण वापरलेल्या इंधनाचं काय करायचं, हा प्रश्न भाभांनी किती आधी हातात घेतला, ते माहितीये?

१९०९ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या मुलानं इंजिनीअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावं, अशी घरच्यांची इच्छा. पठ्ठ्यानं केंब्रिजला इंजिनीअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण केलं आणि मग वळला भौतिकशास्त्राकडे. १९३९ मध्ये सुट्टीवर घरी आला, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि तो इथलाच झाला. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र सुरू झालं, १९५६ मध्ये ‘अप्सरा’ भट्टी.

भट्टीतून निघालेलं इंधन कुणालाही कचराच वाटेल. भाभांचा हिशेब वेगळा होता. आपल्याकडे युरेनियम थोडं, थोरियम भरपूर. थोरियमपर्यंत पोहोचायचं, तर मधल्या टप्प्यावर प्लुटोनियम हवं आणि ते या ‘कचऱ्या’तच असतं. ते वेगळं काढणारा प्रकल्प होमी सेठनांच्या देखरेखीखाली १९६४ मध्ये ट्रॉम्बेला सुरू झाला. १९७४ च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियमही इथलंच, हेही लक्षात असू द्या.

इथे इंधनाच्या कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवतात. सगळं जाड काँक्रीटच्या भिंतींआड, कारण आतला किरणोत्सार जीवघेणा. मग आत काय चाललंय हे कळणार कसं? प्रयोगशाळेतून! टाकीतला थोडासा नमुना काढून आम्ल किती, प्लुटोनियम किती ते मोजायचं. आकडा चुकला आणि एका जागी प्लुटोनियम जास्त साठलं, तर साखळी प्रक्रिया सुरू होऊ शकते. दुरुस्तीचंही तेच. पाइप गळला म्हणून पाना घेऊन धावता येत नाही. आधी धुऊन किरणोत्सार उतरवायचा, मोजायचा, मगच माणूस आत. समोरच्या खाडीचं पाणी, गाळ, मासळीही तपासावी लागते. आगरी-कोळ्यांच्या ताटातला मासा तिथूनच येतो ना!

ही कामं करणार कोण? भाभांनी १९५७ मध्ये ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळाच काढली. तिथे आली नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लांवर विमान कोसळलं आणि भाभा गेले. वय अवघं ५६. पुढच्या वर्षी केंद्राला त्यांचं नाव मिळालं.

आता खरं सांगा, प्रॅक्टिकलला ब्युरेटचं रीडिंग शेजाऱ्याकडून ढापलंय ना कधी? कॉलेजात त्यानं फार तर दोन मार्क जातात. त्या भिंतीपलीकडे मात्र कुणीतरी तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवून आत पाऊल टाकणार असतं.