सुलोचना (रुबी मायर्स)

हा लेख मूकपटांच्या काळातील अभिनेत्री सुलोचना यांच्याविषयी आहे. मराठी चित्रपटांतील अभिनेत्री सुलोचना लाटकर यांच्यासाठी स्वतंत्र लेख पाहावा.

रुबी मायर्स ऊर्फ सुलोचना (जन्म : इ.स. १९०७, पुणे, मृत्यू : १० ऑक्टोबर १९८३, मुंबई) या भारतीय मूकपटांच्या काळातील अग्रगण्य अभिनेत्री होत्या. पहिल्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत रूढ झालेल्या फ्लॅपर शैलीचा भारतीय पडद्यावरील आविष्कार प्रामुख्याने त्यांच्या भूमिकांतून घडला. नोकरी करणारी, शिकलेली व स्वतःच्या पसंतीने जोडीदार निवडू पाहणारी शहरी तरुणी त्यांनी चित्रपटांतून लोकप्रिय केली. इ.स. १९७३ या वर्षासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला.

जन्म आणि पार्श्वभूमी

रुबी मायर्स यांचा जन्म पुण्यात एका बगदादी ज्यू कुटुंबात झाला. इराकमधून भारतात आलेल्या या समाजाच्या पुण्यातील वास्तव्याच्या खुणा आजही शहरात आढळतात. डेव्हिड ससून यांनी लष्कर भागात बांधलेले ओहेल डेव्हिड हे प्रार्थनास्थळ लाल देऊळ या नावाने पुणेकरांना परिचित आहे. ससून रुग्णालयाचे नावही याच घराण्यावरून पडले. या समाजात इंग्रजीचा वापर व पाश्चात्त्य पोशाख रुळलेला होता. मुलींनी शिकून नोकरी करणे तेथे तत्कालीन पांढरपेशा हिंदू अथवा मुस्लिम घरांइतके वर्ज्य मानले जात नव्हते. रुबी यांनीही चित्रपटांत येण्यापूर्वी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी रंगभूमीवर अथवा पडद्यावर येणे समाजाला मान्य नव्हते. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेसाठी अण्णा साळुंके या पुरुष कलावंताची निवड करावी लागली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांच्या कन्या कमलाबाई यांनी काम केले. मात्र त्यामुळे हा संकोच दूर झाला नाही. रुबी मायर्स तरुण असताना मराठी रंगभूमीवर स्त्रीसौंदर्याचा आदर्श बालगंधर्व हे पुरुष नट होते व त्यांच्या साड्यांचे आणि दागिन्यांचे अनुकरण घराघरांतील स्त्रिया करीत असत.

कोहिनूर फिल्म कंपनीतील दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी रुबी यांना चित्रपटात काम करण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी आरंभी नकार दिला. अभिनयाच्या व्यवसायाविषयीची साशंकता त्यांच्या मनातही होती. भवनानी यांच्या आग्रहानंतर त्या तयार झाल्या. इ.स. १९२५मधील 'वीर बाला' हा त्यांचा पहिला चित्रपट होय. पडद्यासाठी त्यांनी सुलोचना हे नाव घेतले. सुंदर डोळ्यांची असा या नावाचा अर्थ आहे. हिंदू नाव घेण्याची ही पद्धत तेव्हा सर्रास होती : रेने स्मिथ या अँग्लो-इंडियन अभिनेत्री सीता देवी या नावाने, तर आयरिस गॅस्पर या सबिता देवी या नावाने प्रसिद्ध झाल्या. नायिका आपली वाटावी, पण तिच्या मोकळ्या वागणुकीचा दोष कोणाच्या घराण्यावर येऊ नये, अशी दुहेरी सोय त्यामुळे होत असे.

फ्लॅपर शैली आणि पडद्यावरील आधुनिक तरुणी

आखूड कापलेले केस, सैल व तोकडा झगा, उघडपणे केलेली रंगभूषा, जॅझच्या तालावरील नृत्य आणि वडीलधाऱ्यांच्या देखरेखीवाचून वावरण्याची वृत्ती ही फ्लॅपर शैलीची ठळक लक्षणे होत. या पोशाखामागे सामाजिक कारणे होती. महायुद्धाच्या काळात स्त्रिया कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करू लागल्या होत्या. त्यांच्या हाती स्वतःचा पगार येऊ लागला होता आणि इ.स. १९२०मध्ये अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकाराला राज्यघटनेचे संरक्षण मिळाले होते. कॉलीन मूर, क्लारा बो व लुईस ब्रुक्स या अभिनेत्रींनी ही शैली जगभर पोहोचवली. मूकपटांना भाषेचा अडसर नसल्याने हॉलिवूडचे चित्रपट भारतातील शहरांतही मोठ्या प्रमाणावर दाखवले जात.

भारतात या शैलीचे हुबेहूब अनुकरण झाले नाही. तोकड्या झग्याच्या जोडीला तलम साडी व बिनबाह्यांचे पोलके आले. जॅझ क्लबाच्या ठिकाणी कचेरी, महाविद्यालय आणि मोटारगाडी ही आधुनिकतेची चिन्हे ठरली. 'टायपिस्ट गर्ल' (१९२६) या चित्रपटाचे नावच नायिकेच्या नोकरीवरून दिलेले होते. चंदुलाल शहा दिग्दर्शित या चित्रपटात सुलोचना यांच्यासमवेत गोहर यांची भूमिका होती व तो अवघ्या १७ दिवसांत पूर्ण करण्यात आला. देवता, पतिव्रता व राजकन्या यांच्या कथा पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकांपुढे स्वतःच्या पगारावर जगणारी नायिका उभी राहिली. स्वतः नोकरी केलेल्या सुलोचना यांना ही भूमिका परकी नव्हती.

'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (१९२७) या चित्रपटात सुलोचना यांनी ८ वेगवेगळी रूपे घेतली. त्यांत माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचा पोरगा, केळीवाली व युरोपीय तरुणी या रूपांचा समावेश होता. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांच्या काळात एका स्त्रीने पुरुषांची रूपे घेऊन शहरभर वावरणे, हे या चित्रपटाचे विशेष आकर्षण ठरले.

इंपीरियल फिल्म कंपनीतील कारकीर्द

कोहिनूरनंतर सुलोचना इंपीरियल फिल्म कंपनीत दाखल झाल्या. या कंपनीचे संस्थापक अर्देशीर इराणी यांचाही जन्म पुण्यातच झाला होता. दिग्दर्शक आर.एस. चौधरी यांच्या 'माधुरी' (१९२८), 'अनारकली' (१९२८) आणि 'इंदिरा बी.ए.' (१९२९) या चित्रपटांनी त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. 'अनारकली'च्या वेळी लाहोरच्या एका संस्थेत त्याच कथेवर सीता देवी यांना घेऊन चित्रपट तयार होत होता. इंपीरियलने आपला चित्रपट घाईने पूर्ण करून आधी प्रदर्शित केला व तोच अधिक यशस्वी ठरला. महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचे उद्घाटन करीत असल्याचा एक लघुपट दाखवताना त्याला 'माधुरी'मधील सुलोचना यांचे नृत्य ध्वनीची साथ देऊन जोडण्यात आले होते. खादीचा प्रचार आणि पाश्चात्त्य वळणाची नायिका एकाच पडद्यावर एकत्र येण्याचा हा प्रसंग तत्कालीन समाजातील दोन प्रवाहांचे दर्शन घडवतो.

दिनशा बिलिमोरिया हे त्यांचे प्रमुख सहनायक होते. पडद्यावरील या जोडीच्या प्रणयप्रसंगांना प्रेक्षकांची मोठी पसंती लाभली. सुलोचना यांना त्या काळी दरमहा ५,००० रुपये वेतन मिळत असल्याचे सांगितले जाते. त्यांच्या शेव्हरोले मोटारीचीही चर्चा होत असे.

बोलपटांचे आव्हान

इंपीरियलचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्यातील नायिकेची भूमिका झुबेदा यांनी केली. ध्वनीच्या आगमनाने ज्यू व अँग्लो-इंडियन अभिनेत्रींची स्थिती एकाएकी बदलली. मूकपटात जी गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नव्हती, ती आता निर्णायक ठरली : त्यांना हिंदुस्थानी सफाईने बोलता येत नव्हते. या वर्गातील अनेक अभिनेत्री मागे पडल्या. सुलोचना यांनी सुमारे वर्षभर काम थांबवून हिंदुस्थानी भाषेचा अभ्यास केला आणि 'माधुरी' (१९३२) या बोलपटाद्वारे पुनरागमन केले.

त्यानंतर त्यांचे गाजलेले मूकपट बोलपटांच्या रूपात पुन्हा काढण्यात आले. 'इंदिरा बी.ए.'ची नायिका 'इंदिरा एम.ए.' (१९३४) झाली. 'अनारकली' (१९३५) व 'बंबई की बिल्ली' (१९३६) हेही याच मालिकेतील होत. 'इंदिरा एम.ए.'मध्ये विलायतेत शिकलेली नायिका वडिलांनी सुचवलेल्या तरुणाला नाकारते आणि पाश्चात्त्य वळणाच्या छंदीफंदी पुरुषाशी विवाह करून फसते. आधुनिक तरुणीचे आकर्षण दाखवून प्रेक्षकांना चित्रपटगृहात आणायचे व अखेरीस तिच्या स्वातंत्र्याची किंमत तिच्याकडूनच वसूल करायची, ही रचना पुढील हिंदी चित्रपटांत दीर्घकाळ टिकून राहिली.

इ.स. १९३०च्या दशकाच्या मध्यास सुलोचना यांनी रुबी पिक्स ही स्वतःची चित्रपटसंस्था स्थापन केली. दशकाच्या अखेरीस मात्र नव्या गायिका-अभिनेत्री पुढे आल्या व सुलोचना–बिलिमोरिया जोडीचा काळ ओसरला.

उत्तरायुष्य

यानंतर सुलोचना यांनी चरित्र भूमिका केल्या. 'जुगनू' (१९४७) या चित्रपटात एक प्रौढ प्राध्यापक त्यांच्या व्यक्तिरेखेच्या प्रेमात पडतो. महाविद्यालयीन जीवनाच्या अशा चित्रणावर आक्षेप घेण्यात आले व मुंबई प्रांताच्या सरकारने चित्रपटावर बंदी घातली. 'अनारकली' (१९५३) या बीना राय यांच्या चित्रपटात सुलोचना यांनी सलीमच्या आईची भूमिका केली. अशा रीतीने एकाच कथेच्या तीन चित्रपटांत त्या दिसल्या : दोनदा नायिका म्हणून आणि एकदा त्या नायिकेच्या प्रियकराची आई म्हणून. 'नील कमल' (१९६८) व 'खट्टा मीठा' (१९७८) या चित्रपटांतही त्यांच्या छोट्या भूमिका होत्या. एकेकाळच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या अभिनेत्रीला अखेरच्या काळात अशा कामांवर समाधान मानावे लागले. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

सन्मान

दादासाहेब फाळके पुरस्काराच्या सुलोचना या पाचव्या मानकरी होत. देविका राणी यांच्यानंतर हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला ठरल्या.

प्रभाव

सुलोचना यांनी रूढ केलेल्या आधुनिक नायिकेचे पुढे दोन भाग पडले. शिक्षण, नोकरी व धीटपणा हे गुण हिंदी-मराठी चित्रपटांच्या नायिकेने क्रमाने स्वीकारले. 'हंटरवाली' (१९३५) या चित्रपटातील नाडिया यांची साहसी नायिका आणि 'ब्रह्मचारी' (१९३८) या मराठी चित्रपटात पोहण्याच्या पोशाखात दिसलेल्या मीनाक्षी शिरोडकर ही त्याची उदाहरणे होत. फ्लॅपर शैलीतील सिगारेट, मद्य व क्लबातील नृत्य ही अंगे मात्र खलनायिकेच्या वाट्याला आली. 'श्री ४२०' (१९५५) या चित्रपटातील नादिरा यांची माया ही याची परिचित मूर्ती आहे. योगायोग असा, की नादिरा याही बगदादी ज्यू होत्या. सुलोचना यांच्या भूमिकांत ही दोन्ही अंगे एकाच नायिकेत नांदत होती.

भारतात तयार झालेल्या सुमारे १,३०० मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत. सुलोचना यांचे बहुतेक मूकपटही नष्ट झाले असून त्यांच्या अभिनयाची ओळख मुख्यतः छायाचित्रे, जाहिराती व समकालीन वर्णने यांवरून करून घ्यावी लागते. जुन्या चित्रपटांच्या जतनासाठी इ.स. १९६४मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय त्यांच्या जन्मगावी, पुण्यातच आहे. परंतु तोपर्यंत ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मवरील मूकपटांचा मोठा भाग नाहीसा झालेला होता.

निवडक चित्रपट

वीर बाला (१९२५)
टायपिस्ट गर्ल (१९२६)
वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे (१९२७)
माधुरी (१९२८, बोलपट १९३२)
अनारकली (१९२८, बोलपट १९३५)
इंदिरा बी.ए. (१९२९)
इंदिरा एम.ए. (१९३४)
बंबई की बिल्ली (१९३६)
जुगनू (१९४७)
अनारकली (१९५३)
नील कमल (१९६८)
खट्टा मीठा (१९७८)